पाटील कॉलनी, १६ फ्लॅट, १९८७ ची इमारत: बिल्डरची ‘४० टक्के जास्त’ ऑफर हिशोबात बसते का?

पारिजात_पाकॉ

नाशकात कॅनडा कॉर्नरजवळ पाटील कॉलनीत तळ + ३ मजल्यांची इमारत आहे, लिफ्ट नाही. एकूण १६ फ्लॅट, प्रत्येकाचं कार्पेट सरासरी ४८ चौ.मी. प्लॉट २५ × ३६ मीटर, म्हणजे ९०० चौ.मी. मंजूर बांधकामही तेवढंच, कारण तेव्हा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १ होता. संडास-बाथरूमच्या खालच्या छतांचा गिलावा पडतो, दोन-तीन ठिकाणी सळई उघडी पडली आहे.

एका बिल्डरने एका पानाची ऑफर दिली आहे: आहे त्या कार्पेटवर ४० टक्के जास्त, प्रत्येकी ५ लाख कॉर्पस (एकरकमी रोख), महिना १४ हजार भाडं, अडीच वर्षांत ताबा. ‘रस्ता ९ मीटरचा आहे, टीडीआर चढतो, काळजी नको’ असं त्यांचं म्हणणं. (टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरचा, विकत घेऊन इथे वापरायचा बांधकामाचा हक्क.) आम्ही टेप धरला तर कंपाउंड ते कंपाउंड साडेआठ मीटर भरतो.

सोसायटी नोंदलेली आहे, पण कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकांचीच नावं आहेत.

प्रश्न असे: (१) सुरुवात कुठून करायची? (२) ४० टक्के खरंच निघतात का? (३) स्ट्रक्चरल ऑडिट बिल्डर करून देतो म्हणतोय, चालेल का?

सातबारा

ऑफर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि आधी कागद गोळा करा. सध्या तुमच्याकडे द्यायला जमीनच नाही, कारण ती कागदोपत्री तुमच्या सोसायटीची नाही.

मालक सही करायला तयार नसेल किंवा त्याचे वारस विखुरलेले असतील (नाशकात हेच जास्त), तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. मोफा (फ्लॅट मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सगळ्या सभासदांचे करारनामे किंवा इंडेक्स-२ (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड आणि मालक-बिल्डरला दिलेल्या नोटिशीची प्रत. कायद्यात निकालाला सहा महिन्यांची मुदत आहे. आदेश हातात आला की काम झालं असं समजून लोक थांबतात आणि तिथेच फसतात. त्यानंतर मुद्रांक ठरवून घेणं, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवणं आणि सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढवणं बाकी असतं. शेवटची पायरी राहिली तर मनपाचा नगररचना विभाग फाईल परत पाठवतो.

याच वेळी सिटी सर्व्हेकडून मोजणी करून घ्या. प्रॉपर्टी कार्ड ९०० म्हणतं, मंजूर नकाशा ९१२ म्हणतो आणि जागेवर ८८६ भरते, असं सर्रास होतं. एफएसआय काढताना यांतला कमीतला आकडा धरला जातो. बिल्डरने ऑफर काढताना कोणता धरला, ते विचारा.

आता सभा. सोसायटी असल्याने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय तुम्हाला लागू. तुमच्या १६ जणांत आकडे असे बसतात: विशेष सभा बोलवा असा अर्ज किमान एक-पंचमांश सभासदांचा, म्हणजे ४ जणांचा. सभेची नोटीस १४ दिवस आधी. गणपूर्ती दोन-तृतीयांश, म्हणजे ११ जण प्रत्यक्ष हजर. संमती ५१ टक्के, म्हणजे ९ जणांची, आणि ती एकूण सभासदांच्या हिशोबाने. हजर असलेल्यांच्या नव्हे. सभेचं चित्रीकरण करायचं. बिल्डर ज्या सभेत निवडायचा तिथे उपनिबंधक कार्यालयाचा अधिकारी हवा. कमिटीतल्या कुणाचा नातेवाईक बिल्डरकडे असेल तर ते आत्ताच बाहेर काढा, नंतर एकच तक्रार सगळं अडवते.

क्रमही महत्त्वाचा. आधी पुनर्विकास करायचा की नाही हा ठराव, मग वास्तुविशारद किंवा पीएमसीची (प्रकल्प सल्लागाराची) नेमणूक, मग त्यांचा व्यवहार्यता अहवाल, मग निविदा आणि सगळ्यात शेवटी बिल्डर. तुमच्याकडे शेवटची पायरी आधी येऊन बसली आहे.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: आपल्याकडे पाटीवर ‘सोसायटी’ लिहिलेलं असतं आणि आत कागद निघतात १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याचे. डीड ऑफ डिक्लरेशन असेल तर ते अपार्टमेंट. तिथे जमिनीतला अविभक्त हिस्सा प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर असतो आणि ७९अ चा ५१ टक्क्यांचा रस्ता सरळ लागू होत नाही. त्यांनी आधी वकील गाठावा.

गुंठेवाला

सातबारा यांनी कागदांचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. तुमचं निम्मं गणित त्या साडेआठ मीटरमध्ये अडकलं आहे.

डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू आहे. नाशिकला दाट वस्तीच्या, म्हणजे गावठाणाच्या, बाहेर मिळणारा एफएसआय समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. ९ मीटरपेक्षा कमी रस्ता: मूळ १.१०, प्रीमियम (मनपाला पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर काही नाही. ९ ते १२: मूळ १.१० + प्रीमियम ०.५० + टीडीआर ०.४० = २.००. १२ ते १५ ला टीडीआर ०.६५ होतो, एकूण २.२५. १५ ते २४ ला २.५०, २४ ते ३० ला २.७५ आणि त्यापुढे ३.००. यावर निवासी वापराला ६० टक्के पूरक एफएसआय, तोही पैसे भरून.

म्हणजे तुमच्या ९०० चौ.मी. वर ९ मीटरचा रस्ता धरला तर ९९० + ४५० + ३६० = १८००, त्यावर पूरक १०८०, एकूण २८८० चौ.मी. रस्ता ९ पेक्षा कमी ठरला तर ९९० + ५९४ = १५८४. निम्म्याला थोडंसंच जास्त. तीस वर्षांवरच्या मंजूर इमारतीला वेगळं प्रोत्साहन आहे: मंजूर बांधकामाच्या ३० टक्के किंवा फ्लॅटमागे १५ चौ.मी., यांतलं जे जास्त. तुमचे ३० टक्के २७० होतात आणि १६ गुणिले १५ म्हणजे २४०, तेव्हा २७० धरायचे. वास्तुविशारदाकडून दोन्ही वाटांनी हिशोब मागा.

टेपने मोजलेल्या रुंदीला कुणी विचारत नाही. मंजूर अभिन्यासात (ले-आउटमध्ये) रस्ता किती दाखवला आहे ते पाहायचं. राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडून मंजूर ले-आउटची प्रत आणि झोन दाखला, दोन्ही काढा. कॉलेज रोड-गंगापूर रोड पट्ट्यातल्या जुन्या ले-आउटमध्ये ६ आणि साडेसात मीटरचे रस्ते भरपूर आहेत. लोकांनी कंपाउंड आत घेतलेलं असतं म्हणून जागेवर रस्ता रुंद दिसतो, एवढंच.

टीडीआरची दुसरी मेख: ३६० चौ.मी. हवा म्हणून ३६० चा दाखला विकत घेऊन भागत नाही. जिथून टीडीआर निघाला तिथला वार्षिक दर तक्त्यातला (रेडी रेकनर) जमीन दर आणि तुमच्याकडचा दर यांच्या प्रमाणात तो चढतो. समजा तिकडचा दर ८ हजार आणि तुमचा २५ हजार, तर ३६० साठी ११२५ चौ.मी. चा टीडीआर घ्यावा लागतो. शहराच्या कडेचा ‘स्वस्त’ टीडीआर इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

आता हे २८८० जागेत बसतं का? बिल्डरचं एक पान इथे गप्प असतं. तुमच्या प्लॉटवर पार्किंग + ७ मजले धरू. मजला ३ मीटरचा, म्हणजे २१ मीटर. सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) काढताना पार्किंगची ६ मीटरपर्यंतची उंची वगळता येते, त्यामुळे बाजूचं आणि मागचं अंतर उंचीचा पाचवा भाग, ४.२ मीटर. समोर ३ मीटर. राहिलं १६.६ × २८.८, साधारण ४७८ चौ.मी. त्यातून डक्ट आणि नकाशातल्या खाचा गेल्या की मजल्याला ४१० च्या आसपास. सात मजल्यांचे २८७०. म्हणजे जेमतेम बसतं, इंचभरही सैल नाही. आठवा मजला घेतलात तर २४ मीटर ओलांडता, इमारत ‘विशेष’ गटात जाते, सामासिक अंतर ६ मीटर होतं आणि रस्ता १२ मीटरचा लागतो. ती वाट तुम्हाला बंद.

आणि हो, बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज, कपाट, सगळं आता पी-लाइनच्या (मजल्याच्या बाहेरच्या रेषेच्या) आत मोजलं जातं. याच शहरात कपाटांच्या क्षेत्रावरून कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले होते. ‘हे एफएसआयमध्ये धरत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर तेवढं लिहून मागा.

ओळंबा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ऑडिट सोसायटीने नेमलेल्या अभियंत्याकडून आणि सोसायटीच्या पैशांतून. बिल्डरच्या ऑडिटमध्ये निष्कर्ष आधी लिहिलेला असतो आणि फोटो नंतर चिकटवतात.

तीस वर्षं उलटलेल्या इमारतीला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र तसंही लागतं. अहवालात शेवटी गट द्यायचा: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहत राहत दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. तुमच्या वर्णनावरून सी-१ असेलच असं मला वाटत नाही. ओल्या जागेखालची सळई उघडी पडणं आणि कॉलम गेलेले असणं यांत फार फरक आहे.

चाचण्या अशा मागा:

रिबाउंड हॅमर (ठोकून काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा), पण गिलावा काढून. गिलाव्यावरूनच ठोकत गेलेला माणूस दिसला तर तिथेच थांबवा, तो आकडा गिलाव्याचा असतो.

अल्ट्रासॉनिक पल्स, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा वेग मोजणं. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट ठीक, तीनच्या खाली आला तर शंका. तळमजल्याच्या निदान आठ-दहा कॉलमवर घ्या.

कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून त्याची ताकद बघणं. तीन तुकड्यांची सरासरी मूळ दर्जाच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. तुमच्या काळातलं काँक्रीट बहुतेक एम-१५ चं (ताकदीचा दर्जा), त्यामुळे आजच्या एम-२५ शी तुलना करून ‘निकृष्ट’ म्हणणारा अहवाल परत पाठवा.

हाफ-सेल, म्हणजे सळईच्या गंजाची विद्युत चाचणी. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली वाचन आलं तर आत गंज चालू आहे असं धरायचं.

आणि कार्बोनेशन, सगळ्यात स्वस्त आणि बघायला सगळ्यात सोपी. कॉलमच्या कडेचा ताजा तुकडा उडवतात आणि त्यावर फिनॉल्फ्थेलिन फवारतात. आतला भाग लगेच गडद गुलाबी होतो, बाहेरची कड रंगहीन राहते. ती रंगहीन पट्टी पट्टीने मोजायची. सळईवरचं आवरण २० मिमी आणि रंगहीन पट्टी २५ मिमी असेल तर सळईचं संरक्षण संपलं, वरून गिलावा कितीही चांगला करा. पट्टी ८-१० मिमीचीच निघाली तर इमारतीत अजून जीव आहे. हे करताना कमिटीतल्या दोघांनी शेजारी उभं राहावं.

सी-१ शिक्का घाईने मागू नका. तो लागला की कलम २६४ ची नोटीस येते, पाणी-वीज तोडण्यापर्यंत मजल जाते आणि मग तुम्ही बिल्डरशी रस्त्यावर उभं राहून बोलता. अहवाल सी-२ब आला तर तुमच्याकडे घाई नसण्याची ताकद राहते. वाटाघाटीत तिची किंमत कॉर्पसपेक्षा जास्त.

हिशोबनीस

दुसरा प्रश्न राहिलाय. दर मी मानलेले आहेत, तुमचे खरे दर घालून परत करा. पद्धत महत्त्वाची.

२८८० चौ.मी. म्हणजे ३१,००० चौ. फूट. जिने, भिंती, बाल्कन्या वजा जाता ६८ टक्के कार्पेट धरलं तर १९५८ चौ.मी. तुमचं आत्ताचं कार्पेट १६ × ४८ = ७६८. ४० टक्के जास्त दिलं तर १०७५. बिल्डरला विकायला उरले ८८३ चौ.मी., म्हणजे ९५०० चौ. फूट.

खर्च, लाखांत: बांधकाम २३०० रुपये दराने ७१३. पार्किंग, टाक्या, कंपाउंड ४०. प्रीमियम एफएसआय ४५० चौ.मी., २५ हजार दराच्या ३५ टक्क्यांनी ३९. टीडीआर ५४. पूरक एफएसआयचं अधिमूल्य ४०. भाडं १६ घरं × १४ हजार × ३० महिने = ६७. कॉर्पस ८०. सामान हलवणं ६. वास्तुविशारद, वकील, मुद्रांक, कार्यालय ५०. व्याज आणि जीएसटीचा भार ८०. बेरीज ११६९, म्हणजे ११ कोटी ६९ लाख.

९५०० चौ. फुटांनी भागा: नुसतं बरोबरीत यायला कार्पेटला १२,३०० रुपये दर हवा. १५ टक्के नफा धरला तर १४,१००. आता तुमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात नवीन फ्लॅट खरोखर कितीला नोंदले गेले ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ मधून काढा. जाहिरातीतले दर नकोत. समजा ९ हजार निघाला, तर बिल्डरला विक्रीतून साडेआठ कोटी मिळतात आणि तीन कोटींचा खड्डा पडतो. मग ही ऑफर कुणी का देतो? कारण सही झाली की हक्क त्याच्याकडे येतात. पुढे जोत्यापर्यंत काम येतं, भाड्याचे चेक थांबतात आणि ‘बाजार पडलाय, ४० चे १५ करू’ अशी बैठक लागते. तोवर तुमची इमारत पाडलेली असते.

बिल्डरला एकच प्रश्न लेखी विचारा: विक्रीचा कोणता दर धरून ४० टक्के काढले? उत्तर टाळलं तर ते उत्तरच आहे.

टक्क्यांतला अजून एक चोरवाटेचा मुद्दा. तुमचे ४८ चौ.मी. जुन्या पद्धतीचे, भिंतींच्या आतल्या आत मोजलेले. करारात नवीन क्षेत्र ‘रेरा कार्पेट’ लिहिलं जाईल आणि त्यात आतल्या पार्टिशन भिंती धरतात. दोन बेडरूमच्या घरात आतल्या भिंती १२ मीटर लांब आणि गिलाव्यासह १५ सेंमी जाड धरल्या तर १.८ चौ.मी. होतात. म्हणजे न देताच पावणेचार टक्के दिले. जुनं आणि नवं एकाच मापाने मोजायचं, असं कलम करारात घाला. मोजणीच्या कागदावर सोळाही घरांच्या सह्या घ्या. बंद केलेल्या बाल्कन्या आणि तळमजल्यावर पुढे काढलेल्या खोल्यांचे वाद त्या दिवशीच निघूदेत.

करारात हवंच असं: बँक गॅरंटी प्रकल्प खर्चाच्या २० टक्के (शासन निर्णयातच आहे). काम दोन वर्षांत, फार तर तीन. हक्क दुसऱ्याला हस्तांतरित करायला मनाई. भाड्याचे ११ महिन्यांचे चेक आगाऊ, पुढचे प्रत्येक अकरा महिन्यांना आधी. घर रिकामं करायचं ते बांधकाम परवानगी हातात आल्यावर आणि वैयक्तिक करार नोंदवल्यावर, एक दिवसही आधी नाही. त्या वैयक्तिक करारावर बाजारभावाने मुद्रांक मागू लागले तर मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२३ चा निकाल दाखवा: विकास करारावर मुद्रांक भरलेला असेल तर सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर पुन्हा तसा घेता येत नाही. विकत घेतलेल्या जादा क्षेत्राला मात्र लागतो. सभासदांच्या घरांवरचा जीएसटी कुणी भरायचा हे एका ओळीत लिहा. शेवटच्या महिन्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्यावरूनच होतं. महारेराच्या ७० टक्के खात्यावर (ग्राहकांचे ७० टक्के पैसे ठेवायचं वेगळं खातं) विसंबू नका, त्यात विक्रीच्या फ्लॅटचे पैसे येतात, तुमचं भाडं त्यातून येत नाही.

गुंठेवाला

हिशोबनीस, गणित पटलं. एक भर: शेजारचा प्लॉटही याच वयाचा असेल तर दोन्ही सोसायट्या एकत्र करून बघा. मधली दोन सामासिक अंतरं, इथे ४.२ अधिक ४.२ मीटर, वाचतात, जिना-लिफ्ट एकच लागते, पार्किंगला उतार एकच. नऊशेच्या एकट्या प्लॉटवर जे जेमतेम बसतं ते अठराशेवर मोकळं बसतं. अडचण माणसांची, एका सभेचे ९ जण जमवायला जड जातं तिथे दोन सभा.

वेळेचंही बघा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत जड वाहनं शहरात सोडणार नाहीत असं धरूनच स्लॅबचं वेळापत्रक करा, आणि करारातल्या मुदतीत बिल्डरने हे कारण आधीच ‘अपवाद’ म्हणून घातलंय का ते वाचा. मोघम घातलं असेल तर दिवस मोजून लिहायला लावा.

तिवंध्याचा

मध्येच विचारतो. आमचं जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या अंगाला, भाडेकरू असलेला वाडा आहे. हेच नियम का?

सातबारा

नाही, जवळजवळ सगळंच वेगळं. गावठाणाला एफएसआयचा तक्ता वेगळा, सामासिक अंतरं वेगळी. सोसायटी नाही, त्यामुळे ७९अ नाही. भाडेकरूंना १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा. वाडा धोकादायक म्हणून पाडायची नोटीस आली तरी भाडेकरूचा हक्क पडत नाही. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या क्षेत्राची मनपाकडून नोंद करून घ्या, नंतर मातीच्या ढिगाऱ्यावर कुणाची खोली किती होती हे सांगता येत नाही.

तुमच्याकडे खरा प्रश्न पूररेषेचा. २००८ आणि २०१९ ला सराफ बाजारात पाणी कुठवर आलं ते दुकानदार सांगतील, त्यात सरस्वती नाल्याचं पाणीही मागून येतं. पण गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलं या मापाने परवानगी मिळत नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतल्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. पाटबंधारे विभागाच्या नकाशावरून तुमच्या जागेजवळची लाल रेषेची पातळी मीटरमध्ये काढा, जोतं त्याच्यावर ०.४५ मीटर घ्यावं लागतं. रस्त्यापासून ते दीड-दोन मीटर वर गेलं तर तळमजल्यावरचं दुकान चढून जायचं दुकान होतं आणि व्यापारी भाव पडतो. वाड्याचं गणित या एका पातळीवर फिरतं, ती आधी काढा.

पारिजात_पाकॉ

सगळ्यांचे आभार. मंजूर ले-आउटची प्रत मिळाली. रस्ता साडेसात मीटर दाखवलाय. म्हणजे टीडीआर विसरायचा?

गुंठेवाला

इतक्यात नको. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ९ मीटरची आखता येते. नाशकात ६ आणि साडेसातच्या रस्त्यांसाठी हीच वाट काढली गेली. साडेसातचे नऊ करायला दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर जातो. तुमची रस्त्याकडची बाजू २५ मीटरची, म्हणजे १८.७५ चौ.मी. सोडावे लागतील. त्या पट्टीचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मागायचा, फुकट लिहून देऊ नका.

समोरचे ३ मीटर नव्या रेषेपासून मोजले जातील, त्यामुळे इमारतीची खोली २८.८ वरून २८.०५ होते. मजल्याची चौकट ४७८ वरून ४६५ च्या आसपास येते. आधीच जेमतेम होतं, आता मजल्यामागे दहा-बारा चौ.मी. जातील. वास्तुविशारदाला नकाशा याच मापावर काढायला सांगा.

नगररचना विभागात अर्ज देऊन विचारा: आमच्या रस्त्याला २१० ची रेषा मंजूर आहे का, असल्यास ठरावाचा क्रमांक आणि नकाशा द्या. मंजूर असेल तर बिल्डर ‘९ मीटर’ का म्हणतोय ते कळेल. नसेल तर प्रस्ताव सोसायटीने द्यायचा की बिल्डरने, आणि नामंजूर झाला तर करार आपोआप रद्द होईल का, हे सही करण्याआधी लिहून घ्या. समोरच्या ओळीतल्या लोकांशीही बोला, त्यांचाही पाऊण मीटर जाणार आहे.

पारिजात_पाकॉ

अर्ज सोमवारी देतोय. फिनॉल्फ्थेलिनची चाचणी किती ठिकाणी करायला सांगू?

ओळंबा

तळमजल्याचे सगळे कॉलम, वरच्या मजल्यांवर प्रत्येकी तीन-चार, आणि ज्या संडासांखाली सळई दिसतेय ते सगळे स्लॅब. तुकडा उडवल्यावर लगेच फवारायला सांगा. तासाभराने फवारलं तर पृष्ठभागावर धूळ बसलेली असते आणि कड नीट कळत नाही. जिथे तुकडा उडवला तिथे पॉलिमर मॉर्टरने त्याच दिवशी भरून घ्या.